भावपूर्ण पिठलं-भात

निवृत्तीनंतर नंदकुमार सबनीसांना कुणी बागेत हसायला बोलावलं, कुणी शेअर बाजारात रडायला. ते दोन्हीकडे गेले नाहीत. बोरीवलीच्या पारिजात सोसायटीतल्या आपल्या गॅलरीत मोबाइल घेऊन ते शोधायला बसले. काय शोधायचंय हे त्यांनाही ठाऊक नसे, पण सापडायचं मात्र भरपूर. मिझोरमच्या चर्चमधलं समूहगान, ट्रम्पेटवरची कव्वाली, फिनलंडच्या पोरांनी म्हटलेली गणपतीची आरती ("उच्चार ऐक, आपल्या नातवापेक्षा स्वच्छ!"), एका वेबसिरीजच्या संगीतात कीर्तनातली झांज कुठे लपलीय याचा छडा. आठवडाभर वेचलेला हा माल ते शनिवारी सकाळी नैवेद्याच्या पानासारखा सोसायटीच्या ग्रुपवर वाढत. वर मथळा : 'या आठवड्यात सापडलेलं'.

"हरवलं होतं कुणाचं?" सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून विचारत.

ग्रुपवर कुणी हात जोडी, कुणी अंगठा दाखवी. अंगठा म्हणजे ऐकलं, अशी नंदकुमारांची श्रद्धा होती.

त्या श्रद्धेला सोसायटीच्या सेक्रेटरी माधुरी पेडणेकरांनी लिफ्टजवळ सुरुंग लावला.

"काका, टाकी धुणार असल्याचा मेसेज तुमच्या कव्वालीखाली गाडला गेला. ए विंगमधली माणसं तोंडाला साबण फासून नळाकडे बघत उभी होती."

"पण लोकांना आवडतं गं."

"ऐकतं कोण? एक नाव सांगा."

नंदकुमारांनी वर छताकडे पाहिलं. तिथेही नाव सापडेना. "तू देतेस ना अंगठा?"

"मी सेक्रेटरी आहे, काका. मी सगळ्यांनाच देते."

हे फार लागलं. शेवटी तह झाला : या शनिवारी एखाद्याने तरी ऐकून स्वतःच्या शब्दांत काही लिहिलं, तर सदर चालू. नाहीतर रविवारच्या मीटिंगमध्ये बंद.

नंदकुमार आठवडाभर जेवतानाही शोधत होते. आणि शुक्रवारी घबाड लागलं. गोवंडीच्या एका बुद्धविहारात कुणीतरी एकाला भीमगीत गाताना चित्रित केलं होतं, मागे पोरांनी झकास आधुनिक ठेका बसवला होता, आणि गाणारा गृहस्थ ओळखीचा वाटत होता. चष्मा लावून पाहतात तर बी विंगच्या तळमजल्यावरचे अंबादास ससाणे! ट्रॉम्बेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी बाकावर शेजारी बसून गुडघ्यांबद्दल बोलणारे. इतकी वर्षं गुडघे ऐकले आणि गळा राहूनच गेला. सोसायटीच्या सत्यनारायणाला दरवर्षी बाहेरून ऑर्केस्ट्रा आणतात आणि हा माणूस समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो!

नंदकुमारांनी जीव ओतला. चित्रफितीतला अंबादासांचा हार घातलेला फोटो काढला, तो कलात्मक दिसावा म्हणून काळा-पांढरा केला आणि वर लिहिलं : 'अंबादास ससाणे. आपल्यातला हा आवाज आपण कधी नीट ऐकलाच नाही.' खाली गाण्याची लिंक. शनिवारी सकाळी हे पाठवून ते अंघोळीला गेले.

बाहेर आले तर फोन टेबलावर थरथरत फिरत होता.

"सुहास! अगं, बघ! ग्रुपवर नुसती रांग लागलीय! लोक लिहितायत, स्वतःच्या शब्दांत!"

सुहासिनीबाईंनी फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ओम शांती.' 'फार सज्जन माणूस गेला, पार्किंगवरून कधी भांडला नाही.' अहो, तुम्ही मारलंत त्यांना!"

पहिली श्रद्धांजली माधुरीची होती. सेक्रेटरीला पहिलंच असावं लागतं.

नंदकुमार टॉवेल खांद्यावर घेऊनच बी विंगकडे धावले. ससाण्यांच्या घरचा ग्रुपवरचा एकमेव नंबर त्यांच्या मुलाचा, अनिरुद्धचा, आणि अनिरुद्ध शनिवारी दुपारपर्यंत उठत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसणार.

दारात माधुरी पोचली होती. पांढरा ड्रेस, डोळ्यांना रुमाल, हातात झाकलेलं पातेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही रीत तिने आजवर एकदाही चुकवली नव्हती. तिने बेल वाजवली. दार अंबादासांनीच उघडलं. अंगात बनियन, तोंडात ब्रश.

माधुरीचं पातेलं नंदकुमारांनी वेळेवर धरलं म्हणून वाचलं.

"काय गं? रडतेस कशाला? कोण गेलं?" ब्रश बाजूला करून अंबादासांनी विचारलं.

"तुम्ही, काका," माधुरी म्हणाली.

अंबादासांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टॉवेलवाल्या नंदकुमारांकडे. सगळी हकिगत ऐकून ते इतके हसले की ठसका लागून खरंच जायची वेळ आली. "अरे सबनीस, जिवंतपणी कुणी गाणं ऐकेना, आणि मेलो म्हटल्यावर पिठलं! आण गं ते पातेलं. हिरवी मिरची घातलीयस ना?"

तेवढ्यात श्रद्धांजलीवाले सगळे खाली जमले. कुणी हार आणलेला, कुणी नुसताच चेहरा. परत जायची लाज वाटत होती आणि थांबून करायचं काय हे कळत नव्हतं. अंबादास पानावर बसले आणि म्हणाले, "आलाच आहात तर आता ऐका." नंदकुमारांनी फोन उंच धरून गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याला अंबादासांनी घास बाजूला ठेवला आणि स्वतःच्याच आवाजात आवाज मिसळला. माणसं जिन्यापर्यंत उभी होती. कुणाच्याही हातात अंगठा दाखवायला फोन नव्हता.

रविवारच्या मीटिंगमध्ये माधुरीने विषय मांडला तो खाली मान घालून. सदर चालू ठेवायचं, मात्र टाकीच्या मेसेजनंतर, आणि फोटोखाली माणूस हयात आहे की नाही ते स्पष्ट लिहायचं. यंदाच्या सत्यनारायणाला ऑर्केस्ट्रा नको, हे सांगायला कुणी हात वर करायचीही वाट पाहिली नाही.

पुढच्या शनिवारी नंदकुमारांनी एका जुन्या कीर्तनकाराची ध्वनिफीत टाकली. खाली स्पष्ट लिहिलं : 'निधन होऊन पुष्कळ वर्षं झाली.' लोक आता सावध झाले होते. भराभर उत्तरं आली : 'अभिनंदन!' 'उदंड आयुष्य लाभो!' 'पुढील वाटचालीस शुभेच्छा!'

नंदकुमार कपाळाला हात लावून बसले. सदराचं काय करायचं ते बसल्या जागी ठरवत होते, एवढ्यात माधुरीचा फोन आला. आवाज दबका.

"काका, त्या कीर्तनात ते मध्येच थांबतात आणि कुणालातरी 'झोपलास का रे' म्हणून दरडावतात ना? मला इतकं हसू आलं की कढी उतू गेली. अजून आहे का त्यांचं काही?"

नंदकुमारांनी चष्मा पुसला. "सुहास," त्यांनी आत हाक मारली, "सापडलं गं एक!"

"काय?"

"नाव."