नळी आणि पहिली गोणी

सुपडू हमालानं बावीस वर्षं पाठीवरून डाळ वाहिली, पण ताटात घेतली ती फक्त तापाबिपात. जळगावच्या एका डाळमिलवर आठ जणांची टोळी होती, तिचा तो म्होरक्या. तूर, उडीद, हरभरा, जे येईल ते ट्रकमधून उतरवायचं आणि गोदामात थप्पी लावायची. कोणी डब्यातून वरण काढलं की सुपडू म्हणायचा, "दाळ आजारी मानूसनं खानं शे. नही ते शेठलोकसनं." ज्याच्या जिवावर पोट चालतं त्यालाच नावं ठेवणारी माणसं सगळ्या धंद्यांत सापडतात. सुपडू त्यातला.

टोळीचा एक रिवाज होता. बाजाराच्या दिवशी काम आटोपलं की गोदामामागे तीन दगडांवर बोकडाचं मटण शिजायचं. त्यातली मोठी नळी म्होरक्याची. ती तो ताटलीवर ठोकायचा, आतला गर ओढून घ्यायचा, आणि पुढचा आठवडाभर थप्पीची पहिली गोणी तोच टाकायचा. तेरा वर्षं नळी सुपडूकडे होती. त्याच्या खालोखाल तोताराम, दहा वर्षांनी लहान, मान बैलासारखी. तो दर आठवड्याला तो ठोका ऐकत बसायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर गोदामाच्या ओट्याला लावलेल्या फळीवर चढताना सुपडूला चक्कर आली. बायको धुरपदाबाई त्याच मिलमध्ये डाळ निवडायला होती. तिनं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब वाढलाय, रक्तात चरबी आहे. महिनाभर ओझं नको, गोळी चुकवायची नाही. बोकड, कलेजी बंद. त्याच्या जागी डाळी, उसळी, शेंगदाणे. भरपूर."

"दिनभर दाळच उचलस मी, साहेब."

"उचलायला नाही सांगत मी. खा म्हणतोय."

डॉक्टरनं पुरतं सांगितलं. सुपडूनं अर्धं घेतलं. मटण सोडलं, डाळीला हात लावला नाही. टोळीला तर मटण बंद झाल्याचं कळूच दिलं नाही, कारण नळी गेली की पहिली गोणी गेली, आणि पहिली गोणी गेली की सुपडू म्हणजे फाटकाशी बसून तंबाखू मळणारा एक म्हातारा. कितीतरी जणांना त्यानं तसं होताना पाहिलं होतं.

महिन्यानं तो कामावर आला. बाजाराच्या दिवशी नळी घेतली, ताटलीवर ठोकली, ओठाला लावली आणि सगळे रश्शात गुंतले असताना रुमालात गुंडाळली. मिलच्या फाटकावर एक पिवळं कुत्रं होतं, त्याच्यापुढे टाकली. घरी जाऊन भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. असे सहा आठवडे गेले. दंड उतरले. एकदा फळीवर गोणी कलली, तेव्हा मागून तोतारामनं हात लावला. हमालाच्या गोणीला मागून हात लागला की बोलायचं काही उरतच नाही.

धुरपदाबाईनं रुमाल धुवायला घेतला आणि तो नाकाशी नेला.

"हाई काय शे?"

सुपडूनं सांगितलं.

"नळी कुत्राले, आनि तुम्हीन ठेचावर? कुत्रं दखा कसं जाडं व्हयनं! मटण सोडं, त्यानी जागाले काय लिधं?"

"दाळ मी खास नही."

"मंग तोतारामना हात खा."

मिलमध्ये तिनं तो हात पाहिला होता. हे त्याला लागलं. त्या संध्याकाळपासून तिनं कळण्याची भाकर थापायला घेतली, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची. बरोबर घुटलेली उडदाची डाळ, मटकीची उसळ, मूठभर भाजलेले शेंगदाणे. वाटीचं काम नव्हतं. डाळ ताटात ओतून भाकर त्यात चुरायची. पहिले आठ दिवस सुपडू काढा प्यायल्यासारखा जेवला. नंतर मागून घ्यायला लागला, पण ते बाहेर बोलला नाही.

गुढीपाडव्याच्या आधीच्या बाजारी मटण शिजलं. नळी ताटलीत पडली, आणि सुपडू ती ठोकतो तोच पिवळं कुत्रं फाटकावरून चालत आलं, सातजणांना ओलांडून थेट त्याच्यासमोर बसलं आणि त्याच्या रुमालाकडे बघायला लागलं.

तोताराम घास हातात धरून म्हणाला, "भाऊ, आम्हना तोंडना घास तुम्हीन कुत्राले घालतस?"

म्हातारा म्हणवून घेणं परवडलं असतं. हे त्याहून वाईट होतं. सुपडूनं नळी उचलली आणि तोतारामच्या ताटलीत ठेवली.

"डाक्टरनी बंद करेल शे. चार महिना व्हयनात."

"मंग खातस काय?"

"दाळ."

कोणीतरी हसलं. तोताराम हसला नाही. "मंग भाऊ, पहिली गोणी?"

"नळी तुले दिधी. गोणी नही दिधी. सकायले दखजो."

सकाळी हरभऱ्याचा ट्रक लागला होता. फळीपाशी कोणी आधी सरकेना. नळी तोतारामकडे, बोल सुपडूचा. असा पेच रिवाजात कधी पडला नव्हता. सुपडूनं डोक्यावरून पाठीवर सोडलेलं रिकामं पोतं नीट केलं, ट्रकवरच्या दोघांना "टाका" म्हणाला आणि पाठ वाकवली. क्विंटलची गोणी बसली. तो फळी चढायला लागला. मागे तोताराम. अर्ध्यात, पूर्वी गोणी कलली होती तिथंच, तोतारामचा हात सवयीनं पुढे आला. गोणी सरळच होती. हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग खाली गेला.

पहिली गोणी गोदामाच्या जमिनीला लागली.

पुढं सात वर्षं ती सुपडूनंच टाकली, आणि नळी तोताराम ठोकत राहिला. कुत्रं बाजाराच्या दिवशी येऊन सुपडूसमोरच बसायचं. सुपडू त्याला कळण्याची भाकर टाकायचा. ते हुंगायचं आणि तोतारामकडे बघायचं.