उजेड मोजणाऱ्या आक्का

आक्का कोणाच्याही घरात शिरल्या की आधी चपला काढायच्या आणि मग दिवा बंद करायच्या. दिवसाउजेडी दिवा चालू असेल तर तो बंद करायला परवानगी लागते, हे त्यांना मान्य नव्हतं. साताऱ्यात माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हाही नमस्कार नंतर झाला, बटणाचा आवाज आधी आला. मग टेबलावर वीतभर उंचीवर त्यांनी हात धरला, खाली पडलेली पुसट सावली पाहिली आणि म्हणाल्या, "पुरेसा आहे की. तो पडदा तेवढा बाजूला करा." स्वतःचं ऑफिस चालवणारी आर्किटेक्ट मी, मुकाट्याने उठले आणि पडदा बाजूला केला.

सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या आटपाडीकडच्या, मेंढपाळ घरातल्या. त्यामुळे कोणीतरी हमखास म्हणायचं, "रानात वाढलात ना, म्हणून उन्हाचं एवढं कळतं तुम्हाला." आक्का त्याला तिथेच थांबवायच्या. "मेंढरं आमच्या आज्यानं इकली. मी वसतिगृहात वाढले, ट्यूबखाली. उजेड मी पुस्तकातनं शिकले." एरवी त्यांचं बोलणं कॉलेजातलं, स्वच्छ. राग आला किंवा माया आली की आटपाडी बाहेर पडायची.

इमारत बांधण्याआधी तिच्या आत दिवसाचा उजेड किती पडेल, हे त्या संगणकावर काढून द्यायच्या. या कामासाठी रंगीबेरंगी सॉफ्टवेअर मिळतात, माउसने ओढायचं आणि सोडायचं. आक्कांचं फुकटचं होतं आणि जुन्या वळणाचं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची, एंटर मारायचं आणि वाट बघायची. भिंत कुठून कुठवर, काच कसली, गिलावा आलेल्या उजेडातला किती परत टाकतो, गाव पृथ्वीवर कुठे आहे, महिना, वेळ, सगळं आकड्यांत. आमचा ड्राफ्ट्समन संतोष पहिल्या दिवशी म्हणाला, "आक्का, हे जुन्या बँकेतल्या कॉम्प्युटरसारखं दिसतंय."

"दिसू दे. तुझ्या त्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काय चुकलं ते सापडतं का तुला? इथं सापडतं. लिहिलेली ओळ समोर असते."

ओळ समोर असूनही चूक होते, हेही त्याच सांगायच्या. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वेकडच्या गावांचे रेखांश उणे धरायचे असतात आणि प्रमाणवेळेचे अंशही उणे. सुरुवातीला त्यांनी दोन्हीकडे उण्याचं चिन्ह टाकलंच नाही. सांगलीवरचा सूर्य तासाभराहून जास्त पुढे पळाला आणि त्या आठवडाभर खुशीत आकडे काढत बसल्या. सराव म्हणून स्वतःचं स्वयंपाकघर संगणकात उभं केलं होतं. पडद्यावर ऊन ओट्यावरून उतरलं तरी खऱ्या ओट्यावर ते अजून पोळ्यांच्या डब्यावर होतं. "पोळ्यांच्या डब्यानं पकडलं मला," असं म्हणून हसायच्या. तेव्हापासून आकडा आला की प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघणं हा नियम झाला.

भिंतीच्या पांढऱ्या रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. मालक म्हणायचा, "पांढराशुभ्र देणार आहे." आक्का विचारायच्या, "तीन वर्षांनी?" शाळेच्या वर्गाचं काम असलं तर बाकामागच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचा पट्टा पडणार, हे धरून तेवढी भिंत त्या हिशेबात आधीच मळवून ठेवायच्या. मालकाला वाईट वाटायचं. आकडे मात्र बरोबर यायचे.

कडेगावजवळच्या एका गावात माजी सैनिकांच्या मंडळाने अभ्यासिका बांधायला घेतली, तेव्हा मी आक्कांना घेऊन गेले. भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली दिवसभर बसणार, वीज दुपारी जाणार, म्हणजे उजेड बाहेरूनच यायला हवा. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार. जागा त्यांनीच आपल्या शेताच्या कोपऱ्यातून काढून दिली होती. आम्ही गेलो तेव्हा शेजारचं त्यांचंच रान नुकतं नांगरून पडलं होतं. उत्तरेच्या भिंतीत आम्ही तीन मोठ्या खिडक्या धरल्या. दार दक्षिणेला.

नकाशा सगळ्यांना पसंत पडला आणि मग देणगीदारांच्या फरश्यांचा विषय निघाला. आमच्याकडे देणगी दिली की भिंतीत नावाची फरशी बसवायची असते, त्यात वावगं काही नाही. सुभेदारांना आपल्या वारलेल्या पत्नीची फरशी हवी होती. चकचकीत काळा ग्रॅनाइट, त्यावर कोरलेला तिचा चेहरा. दारातून आत आलं की समोर दिसली पाहिजे, म्हणजे मधल्या खिडकीच्या जागी. त्यांचं ऐकून आणखी दोन देणगीदारांनी उरलेल्या दोन खिडक्या मागितल्या.

"आणि पोरं वाचणार कशात?" आक्कांनी विचारलं.

"दिवं लावू की. इन्व्हर्टर बशिवतो."

"आणि त्याची बॅटरी उतरली की?"

"आक्का, तुमी लय पुढचं बगता," सुभेदार म्हणाले.

आक्कांनी खिडक्या बुजवून हिशेब केला आणि चित्र दाखवलं. मागची टेबलं जवळजवळ काळी. सुभेदार बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चित्र जरा उजळ करा की. मंडळाला दावायचं हाय."

काम माझ्या ऑफिसचं होतं. सुभेदार नाराज झाले असते तर ते दुसरीकडे गेलं असतं आणि दुसऱ्याने चित्र उजळ करून दिलं असतं. परतताना मी आक्कांना स्पष्ट म्हटलं, एवढं करून टाका, चित्रच तर आहे.

"करता येतं. एका आकड्याचं काम आहे," त्या म्हणाल्या. "पण पोरं काय चित्रात बसून अभ्यास करणार हायत?"

कऱ्हाड आल्यावर त्यांनीच विचारलं, "त्या बाईंचा फोटो मिळेल का? आणि दगडाचा तुकडा?"

दोन्ही मिळालं. आक्कांचा लॅपटॉप दिवसभर घरघरत राहिला. पुढच्या बैठकीत त्यांनी खोलीचं चित्र दाखवलंच नाही. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला समोरच्या भिंतीवर काय दिसेल, तेवढंच दाखवलं. काळ्या गुळगुळीत दगडात मागच्या दाराचा पांढरा चौकोन चमकत होता, त्यात बघणाऱ्याची काळी आकृती. चेहरा कुठेच नव्हता.

"ह्यात ती कुठं हाय?" सुभेदारांनी विचारलं.

"आहेत तिथंच. दाराच्या चमकेमुळे दिसत नाहीत." आक्कांनी दुसरं चित्र उघडलं. तीच फरशी, पॉलिश न केलेली, पूर्वेच्या भिंतीवर. उत्तरेची खिडकी उघडी. बाजूने येणाऱ्या उजेडात कपाळ, नाक, पदराची कड नीट दिसत होती. हसू दाबल्यासारखे ओठही.

सुभेदारांनी खिशातला चष्मा काढला, पुसला, लावला. "ऊन कवा येतं तिच्या तोंडावर?"

"ऊन नाही यायचं, ते दगडाला काय कामाचं. उजेड येणार, दिवसभर सारखा. पण तो त्या खिडकीतनं येतो."

मग सुभेदार म्हणाले, "खिडक्या ऱ्हाऊ द्या. तिन्ही." बाकीच्या दोघांनी आपल्या फरश्याही पूर्वेच्या भिंतीवर घ्यायला सांगितलं.

उद्घाटनाला आक्का आल्या नाहीत. भाषणं चालू असताना उजेड मोजता येत नाही, म्हणाल्या. आम्ही भर पावसाळ्यात, ढगाळ दिवशी गेलो. दिवे बंद करून त्यांनी उजेड मोजायचं छोटं यंत्र मागच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हिशेबाच्या निम्माच भरला होता. पूर्वेच्या भिंतीवरचा चेहराही मंदच दिसत होता. त्या खिडकीशी गेल्या. बाहेर जिथे नांगरलेलं रान होतं तिथे ऊस होता, डोक्याच्या वर, भिंतीला जवळजवळ चिकटून. आकाश दिसतच नव्हतं.

"मी खोली मोजली," आक्का म्हणाल्या. "रान मोजलं न्हाई."

सुभेदार आणि त्यांचा मुलगा मागे उभे होते. "आवं आक्का, ऊस काय आज उगवलाय व्हय? आमाला वाटलं, तुमी धरला असंल."

"न्हाई धरला. माझी चूक हाय."

एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. सुभेदार गोंधळले. आक्का तिथेच बाकावर बसल्या, लॅपटॉप मांडीवर, आणि पडद्यावरच्या रानात ऊस उभा करून मागे मागे सरकवत राहिल्या. ऊस अंदाजे चाळीस फूट मागे गेला तेव्हा खोलीचा आकडा जमला. तेवढ्या पट्टीत बुटकं पीक घेतलं तर उजेड पुरणार होता.

मुलगा म्हणाला, "आबा, चाळीस फूट रान? ऊस सोडून?"

"मग काय, तुझ्या आईला अंधारात बशिवू?" सुभेदार म्हणाले. "भुईमूग कर."

ऊस तुटून गेल्यावर पट्टी मोकळी झाली. पुढच्या पावसाळ्यात आक्का एसटीने पुन्हा एकट्याच जाऊन मोजून आल्या आणि मला फोनवर फक्त आकडा सांगितला. तो बरोबर होता.

मागच्या हिवाळ्यात मिरजेच्या दवाखान्यात त्या वारल्या. आजार फार चालला नाही. त्यांच्या मुलीने लॅपटॉप मला दिला. सुभेदारांना मी फोन करून कळवलं तेव्हा ते म्हणाले, "पट्टीत औंदा सोयाबीन घालायचं म्हनतोय पोरगा. चालंल न्हवं? किती वाडतं ते, तुमी बगून सांगा." मी बघून सांगितलं, चालेल.

आता तो काळा पडदा संतोष चालवतो, अडला की मी बसते. सांगली-कडेगावकडचं काम आलं की आम्ही भिंती उभ्या करत नाही. आधी खिडकीच्या बाहेर ऊस उभा करतो, पुरा वाढलेला, तोडणीला आलेला. मग त्याच्यापुढे खोली बांधायला घेतो.