मिरेकचा ‘नो’

मिरेक उलटा चालायचा. दर बुधवारी सकाळी कचऱ्याचा चाकवाला डबा रस्त्याच्या कडेला न्यावा लागतो. तो सगळे सरळ तोंडाने ओढत नेतात. मिरेक मात्र घराकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, गुडघे जरासे वाकवून मागे मागे जायचा आणि कधी कशाला धडकायचा नाही. आमच्याकडे चहा पिऊन निघाला की निरोपही तसाच, आमच्याशी बोलत बोलत फाटकापर्यंत उलटा. आयर्लंडमधल्या मलिंगारच्या त्या वसाहतीत आम्ही नवीन होतो. समोरच्या ब्रीडाबाईंना मी दबक्या आवाजात विचारलं, हे काय प्रकरण आहे? त्या म्हणाल्या, "युअर मॅन? आह, ही इज ग्रँड." ‘युअर मॅन’ म्हणजे नुसतं ‘तो गृहस्थ’ हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. तोवर बाई माझं नाव त्याच्याशी का जोडताहेत, या काळजीत मी होते.

एकदा त्याने स्वतःच सांगितलं, "हॉकी. डिफेंडर. एकोणीस वर्षं." मला उमाळाच आला. म्हटलं, हॉकी तर आमचीही! त्याने आशेने विचारलं, "बर्फावर?" मी म्हटलं, छे, गवतावर. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी भातात साखर घालून खाते. इथल्या लोकांनाही हॉकी म्हणजे शाळेतल्या मुलींचा गवतावरचाच खेळ वाटतो. त्यामुळे या देशात मिरेकची कारकीर्द कुणालाच धड कळली नव्हती.

चेक देशातल्या एका लहान गावात, गोठलेल्या तळ्यावर तो खेळायला शिकला. वरच्या दर्जाच्या संघात एक वर्ष बाकावर बसला, मग खालच्या संघांतून फिरत राहिला. गोल किती केलेस, विचारलं तर दोन्ही हातांची बोटंही पुरी लागायची नाहीत. "गोल माझं काम नाही. माझं काम मध्ये पडणं," तो म्हणायचा. रबराची काळी चकती गोळीसारखी येते आणि डिफेंडर तिच्यासमोर आडवा होतो. त्यात त्याचे पुढचे चार दात गेले आणि डोकं किती वेळा आपटलं हे त्याने मोजलं नव्हतं. उतारवयात एका लहानशा संघाने त्याला आयर्लंडला बोलावलं. तो आला आणि दोन वर्षांत इथली बर्फाची रिंकच बंद पडली. परत जायचं सोडून हा गडी सुपरमार्केटच्या कोल्डरूम दुरुस्त करत व्हॅनमधून हिंडू लागला. "थंडी तीच आहे," म्हणायचा.

आमची मुलगी इरा तेव्हा कमोगी खेळायला लागली होती. काठी-चेंडूचा इथला मुलींचा खेळ. तिला मागच्या फळीत उभं केलं होतं आणि समोरून पोरगी धावत आली की ही डोळे मिटायची. मिरेकने तिला आमच्या अंगणात शिकवलं. "काठीकडे बघू नको, काठी खोटं बोलते. डोळेही खोटं बोलतात. छातीकडे बघ. छाती जिकडे, माणूस तिकडे." दुसरा धडा: "पाठ दाखवू नको. डिफेंडरने पाठ दाखवली की खेळ संपला." आणि चेंडू तिला चुकवून गेलाच तर शांतपणे म्हणायचा, "एक सुटतोच. पुढचा बघ." इरा घरात माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देते, पण हे तीन धडे तिने ऐकले तसे पाळले.

त्याच्या आमच्याकडच्या चहाला भाषांचा गोंधळ ठरलेलाच. एकदा मी फोनवर नागपूरला आईशी बोलत होते, "हो ना… हो ना गं." फोन ठेवला तर मिरेक म्हणाला, "आईला इतक्यांदा नाही का म्हणतेस?" मी हसून सांगितलं, आमचा ‘ना’ म्हणजे नाही नव्हे, ‘हो’वरचा जोर. तोही हसला, म्हणाला, "आमच्याकडे पण." मी त्याला आणखी एक बिस्किट दिलं आणि विषय तिथेच सोडला. तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण नोव्हेंबरात मला त्याचं लक्षण ठीक दिसेना. बोलता बोलता तो दोन-चार क्षण हरवायचा, डोळे उघडे आणि आत कुणी नाही. मी इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. ते माझं क्षेत्र नव्हे, पण शेजारी म्हणून विचारलं, "मिरेक, डोकं दुखतं?" कपाकडे बघत तो म्हणाला, "नो." "मधेच भान जातं असं वाटतं?" "नो. नो." मान मात्र खालीवर हलत होती. पण मानेवरून काय समजायचं? आम्ही भारतीय तर होकारालाही मान आडवी हलवतो. मी म्हटलं, "गुड, गुड," आणि निश्चिंत झाले.

फेब्रुवारीत त्याची व्हॅन रस्ता सोडून चरात गेली. नशिबाने कुणाला लागलं नाही. दव गोठलं होतं, घसरली, असं तो म्हणाला आणि आम्ही मान्य केलं. त्यानंतरच्या रविवारी तो आमच्या स्वयंपाकघरात असताना त्याच्या बहिणीचा, हानाचा फोन आला. दहा मिनिटं हा नुसता, "नो. नो. नो यो. नो." मी हळूच विचारलं, "भांडण झालं का रे?"

"भांडण? नाही. जेवतोस का, झोपतोस का, मी पाठवलेले मोजे बसले का, असं विचारत होती. मी हो म्हटलं."

"तू ‘नो’ म्हणालास."

"चेकमध्ये ‘नो’ म्हणजे हो. तोंडात बसलंय, इंग्रजीतही निघतं."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हटलं, आता तोंडाने काही बोलू नकोस. डोकं दुखत असेल तर बोट वर कर. त्याने बोट वर केलं. भान जातं? पुन्हा वर. व्हॅन चालवताना गेलं होतं? बोट वरच राहिलं. मग तो अगदी साधेपणाने म्हणाला, "मी तुला नोव्हेंबरात सांगितलं होतं. तू ‘गुड’ म्हणालीस."

लोकांना भूल देणं हा माझा धंदा आणि इथे मीच भूल घेऊन बसले होते. मी रडले. तो माझी समजूत घालत राहिला, "एक सुटतोच. पुढचा बघ."

तपासण्या झाल्या. डोक्याने वर्षानुवर्षं खाल्लेल्या मारामुळे बारीक झटके येत होते. गोळ्या सुरू झाल्या, पण गाडी चालवणं बंद, निदान वर्षभर. व्हॅनशिवाय काम नाही, कामाशिवाय घरभाडं नाही. चार महिने आधी गोळ्या मिळाल्या असत्या तर कदाचित… हानाने त्याला गावी बोलावून घेतलं.

तो निघाला तो नेमका बुधवार होता. रस्त्याच्या कडेला सगळ्यांचे डबे उभे होते. टॅक्सी आली तेव्हा तो आमच्या अंगणात निरोप घेत होता. ब्रीडाबाई नाक पुसत होत्या. मी माझ्या मराठी सवयीने विचारलं, "यू विल कम बॅक, ना?"

"नो," मिरेक म्हणाला.

कुठल्या भाषेतला, ते मला कळेना. मी त्याच्या छातीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच होती. मला बरं वाटलं. आता हा बोलत बोलत उलटा फाटकापर्यंत जाईल म्हणून मी बघत राहिले. त्याने बॅग उचलली, आमच्याकडे पाठ केली आणि इतर सगळ्यांसारखा सरळ चालत टॅक्सीपर्यंत गेला.

इराने माझी बाही ओढली. "आई, व्हॉट डिड ही से? यस ऑर नो?"

"नाही म्हणाला," मी म्हटलं.