सरांच्या हातातला सुरा

दिनकर सरांना मी पहिल्यांदा बघितलं तवा त्यांच्या हातात सुरा व्हता. सरांच्या साठीच्या ह्या पुस्तकात बाकीची मंडळी सरांच्या शिकवन्यावर, भाषनांवर लिवत्याल. सरांच्या कवितेच्या मंडळातले कांबळे साहेब मला म्हनले, "वहिनी, तुमी तुमचंच लिवा. सुऱ्यापासनं." माझी शाळा सातवीपतूर. बोलते तसं लिवते, मंडळानं सांभाळून घ्यावं.

आमी बारामतीला सरांच्या शेजारी भाड्यानं नवीनच आलो व्हतो. आमचे हे कारखान्यात पाळीला गेलेले. मांडीवर बाळ, आठ महिन्याचं, अंगात ताप. माहेर माझं लोणी भापकर, हितं वळखीचं कुनी न्हाय. महिना पौषाचा, रविवारची दुपार. भितीपल्याडनं मोठ्यांदा आवाज आला म्हनून डोकावले.

अंगनात पंगत बसलेली. मधी सर उभे, खांद्यावर चौकटीची चादर. म्होरं परातीत कायतरी गोल, शिवलेलं, वाफा निघत्यात. एक पान वाढून ठेवलेलं, पर त्याच्याम्होरं मानूस न्हाय, नुसता एका गोऱ्या बाप्याचा फोटू. सर सुरा वर धरून कुठल्या भाषेत काय म्हनत व्हते कळंना. मंग खचकन सुरा त्या गोळ्यात घातला. समद्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, करनी! पौषात कुनी चांगलं काम काढतंय व्हय? मी घरात पळाले, कडी घातली, बाळावरनं मिरच्या-मोहऱ्या उतरून शेगडीत टाकल्या. धूर झाला तो भितीवरनं पल्याड गेला. पंगत खोकाय लागली. तेवढ्यात माझ्या मांडीवर बाळ ताठ झालं. डोळं फिरवलं. हातपाय उडाय लागले.

दारावर थाप पडली. "ताई, मिरच्या जळत्यात काय तुमच्या? आमी समदी रडतोय हितं!" फटीतनं बघितलं तर सर. हातात सुरा तसाच.

"माझ्या बाळाला काय केलं तुमी?" मी आतनं ओरडले. "काय केलं त्याला? डोळं पांढरं झाल्यात!"

दुसरं कुनी असतं तर हसलं असतं, न्हायतर दार तोडलं असतं. सरांनी सुरा पायरीवर ठेवला आन दारापासनं लांब सरले. म्हनले, "ताई, सुरा खाली ठेवला बघा. मी मागं झालोय. मला दार उघडू नका. आमच्या मंडळींना पाठवतो, त्यांना उघडा."

काकू आल्या. "अगं, मीबी तीन पोरांची आई हाय, उघड." मी उघडलं. त्यांनी बाळाला कुशीवर निजवलं, अंगावरची दुपटी काढली. आमी घाबरून ताप आलेल्या पोराला गुंडाळूनच ठेवतो. सर तवर अनवानी रस्त्यावर पळाले, कुनाची तरी रिक्षा आडवून आनली. बसताना मी थबकले, तर सर सोता म्होरं ड्रायव्हरजवळ अर्धं बाहेर लटकले, माघारी वळून बघितलंबी न्हाय. मला अजून त्यांचं भ्या वाटत व्हतं, हे त्यांना कळत व्हतं.

दवाखान्यात कळलं, तापाचा झटका. डागदर म्हनले, "पाच वर्साचा होईपतूर ताप चढला की पुन्यांदा येऊ शकतो. फुडं जातो आपोआप." बाळ रडाय लागलं तवा माझ्या जिवात जीव आला.

माघारी आलो तर पंगत तशीच बसलेली. कुनी घास घेतला नव्हता. वकील तात्या म्हनले, "दिनकरराव, थंड झालं तुमचं स्कॉटलंड!" मंग सरांनी मला समजावून सांगितलं. स्कॉटलंडात एक नांगर धरनारा कवी झाला, तोच फोटूतला, घरात बोलायच्या भाषेत गानी लिवनारा. तिकडं वर्सातनं एकदा लोकं त्याच्या नावानं जेवत्यात, जेवनाला उद्देशून कविता म्हनत्यात आन मंग सुरा घालत्यात. सरांना पुन्यात शिकताना एका तिकडच्या म्हाताऱ्या मास्तरांनी हे लावून दिलं. तितं रातचं जेवत्यात, हितं गावाकडच्यांची यष्टी चुकती म्हनून दुपारचं. आन परातीत काय, तर मेंढीच्या पोटाच्या पिशवीत काळीज-वजडी बारीक करून जोंधळ्याची भरड घातलेली.

"वजडी?" मी म्हनले. "आमची आजी मेंढरामागं असताना असंच शिजवायची!"

"ऐका तात्या," सर म्हनले, "आन तुमी म्हनता परदेशी पदार्थ."

त्या दिसापासनं एक रीत पडली. दर पौषात जेवनाआधी सर सोता गल्लीत दारोदार जात्यात आन सांगत्यात, "आज सुरा दिसंल, आरडाओरडा हुईल, भिऊ नका. वाटलं तर जेवायला या." गल्ली आता जेवायलाच येती. मंडळाचं वरीस मलाबी पाठ झालं. उन्हाळ्यात नरसिंहपूरला संगमावर बसून वाचन. पावसाळ्यात निमगाव केतकीच्या शाळेत पोरांच्या कवितांची चढाओढ. दिवाळी झाली की तिकडचं एक गानं आन आपल्याकडचं एक, जात्यावरचं न्हायतर मेंढरामागचं, असं जोडीनं म्हनायचं. गानं आनायचं, भाषा सुधारून आनायची न्हाय, हा सरांचा कायदा. एकदा कांबळे साहेबांनी आईचं गानं शुद्ध करून आनलं, तर सर म्हनले, "साहेब, हे तुमचं झालं. आईचं आना."

जेवनात एक भाषन बायांच्या कौतुकाचं असतंय, आन बायांनी त्याला उत्तर द्यायचं असतंय. ते उत्तर वकील तात्या द्यायचे. काकू म्हनायच्या, "बायांच्या वतीनं मिशीवाला!" पाठीमागच्या पौषात सरांनी मला उभं केलं. पोरगं सरांच्या मांडीवर. मी एवढंच म्हनले, "कौतुक केलं ते बरं झालं. आता ताटंबी उचला." सर सगळ्यात आधी उठले, सोताचं ताट घेऊन मोरीकडं गेले. मागनं वकील तात्याबी गेले, तोंड वाकडं करून.

झटका आनखी दोनदा आला. ताप आला की मी अजूनबी भिते. रातभर कपाळाला हात. सर कधी म्हनले न्हायत, "काय भितीस पोरी, पाच वर्साचं व्हईल की." भिऊ नको असं समदी सांगत्यात. सर नुसते येऊन बसत्यात, पेपर वाचत, पोराचा ताप उतरंपतूर. गेल्या उन्हाळ्यात पोराला पाच सरली.

आन ह्या हिवाळ्यात सरच मलेरियानं पडले. मी भाकरी घेऊन गेले, आन काय विचार न करता सरांच्या कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या मानसाच्या! काकू हसल्या, "लेकरू समजलीस का काय गं?" मी लाजून हात काढाय लागले, तर सर डोळं मिटूनच म्हनले, "ऱ्हाऊ दे. बरं वाटतंय."

सर, मंडळाच्या वतीनं मी मागते ते एवढंच. तुमी धडधाकट ऱ्हावा, म्हातारं व्हा, लई म्हातारं व्हा. गोळ्या येळेवर घ्या. तुमच्यासाठी भ्यायला मी हाय.