बदली आजोबा

चेनकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं ते बॅगा दुरुस्त करत आले होते. तुटकी चेन, अडकलेलं हँडल, फाटलेलं अस्तर, काहीही आणा. एखादी बॅग कुठे कुठे फिरून आली, हे ते तिची चाकं बघून सांगत. स्वतः मात्र कुठे फारसे गेले नव्हते.

चार वर्षांपूर्वी मुलीला मुलगी झाली, तेव्हा काका-काकू धावतपळत जाऊन आठवड्याभरात परतले होते. तेव्हापासून काकांनी मनाशी ठरवलेलं, की एकदा दोघांनी निवांत जायचं, महिनाभर राहायचं. त्यासाठी त्यांनी उरल्यासुरल्या चामड्यातून एक तपकिरी बॅग शिवली होती. टाके असे, की बघत राहावं. मुलगी दर फोनला "पप्पा, या ना" म्हणायची आणि काका दुकानाचं कारण पुढे करायचे. खरं कारण वेगळं होतं. तिथे व्याही असायचे.

व्याही राहायचे याच गावात, पण निवृत्त झालेले, रिकामे. दर दोन महिन्यांनी लाल बॅग ओढत मुलाच्या घरी जाऊन ठाण मांडायचे. नातीला शाळेत सोडणं, झोपवणं, सगळं त्यांच्याकडे. व्हिडिओ कॉल लावला की नातीच्या मागे व्याह्यांचं हसरं तोंड हजर. नात त्यांना 'आजोबा' म्हणायची आणि काकांना 'फोनमधले आजोबा'. मुलगीसुद्धा सासऱ्यांना 'बाबा' म्हणायची. सगळ्याच सुना म्हणतात, त्यात काही वावगं नव्हतं, पण ऐकलं की काकांचा जळफळाट व्हायचा.

आणि मग व्याही जिन्यावरून पडले. पायाला प्लास्टर, दीड महिना पलंगावर. मुलीचा फोन आला, "पप्पा, बाबा येऊ शकत नाहीत. आम्हा दोघांनाही रजा नाही. तुम्ही याल?"

बोलावणं आलं ते असं. काकूंच्या शाळेत परीक्षा, त्यामुळे त्या अडकलेल्या. म्हणजे जायचं एकट्याने, तेही दुसऱ्याच्या जागेवर. काका 'येतो' म्हणाले. आनंद झाला होता, पण तो धड होऊ देत नव्हता कोणी.

"बदली आजोबा म्हणून चाललोय मी," ते जेवताना म्हणाले.

"मग पर्मनंट होऊन या," काकू म्हणाल्या. "इथे बसून कुढण्यापेक्षा बरं."

दुसऱ्या दिवशी विहीणबाई दुकानात आल्या. हातात तीच लाल बॅग. "हँडल वर येत नाहीये, तेवढं बघता का? हे म्हणत होते, जाताना तुम्ही हीच न्या."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणूस पलंगावर पडलाय, तरी बॅग पाठवतोच! पण कामाशी वैर करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. हँडल दहा मिनिटांत सरळ झालं. मग त्यांनी बॅग ओढून पाहिली, तर डावं चाक कुई कुई करत होतं. घासून घासून एका बाजूने पार झिजलेलं. एवढ्या फेऱ्या मारल्या होत्या या माणसाने! काकांनी ते चाक दातओठ खात काढलं, भंगाराच्या डब्यात टाकलं आणि दोन्ही बाजूंना नवी चाकं बसवली. कुणी सांगितलं नव्हतं. पण व्याह्यांना कळू दे, काम कशाला म्हणतात ते.

बॅग परत द्यायला ते स्वतः गेले. 'माझी बॅग आहे माझ्याकडे' असं गोड शब्दांत सुनवायचंही ठरवलं होतं.

"जरा ओढून दाखवा बरं," व्याही पलंगावरूनच म्हणाले.

काकांनी ऐटीत खोलीभर बॅग फिरवली. चाकांचा आवाज म्हणून नाही. व्याह्यांचा चेहरा पडला.

"आवाज कुठे गेला हो?"

"घालवला. चाकंच नवी टाकली."

"तुमचं काम उत्तमच आहे, वाद नाही. पण काय होतं, लिफ्टपासून त्यांच्या दारापर्यंत लांबलचक फरशी आहे. ती कुईकुई ऐकली की पोरगी असेल तिथून धावत येते. नवीन माणूस आला की पलंगाखाली जाऊन लपते, दोन-दोन दिवस बोलत नाही. म्हटलं, निदान आवाज ऐकून तुमच्यासाठी दारात तरी येईल. पुढचं तुमचं तुम्ही बघालच."

ठरवून आणलेलं वाक्य काकांनी तसंच परत नेलं. बॅग उचलून, हो, उचलूनच, ते दुकानात आले.

भंगाराचा डबा त्यांनी फरशीवर पालथा केला. चाक सापडलं. पुसून परत बसवलं, तर काढताना सोडलेल्या तेलामुळे ते मुकाट फिरू लागलं. मग स्पिरिटने तेल काढलं, स्क्रू थोडा सैल केला, पुन्हा थोडा आवळला. तीस वर्षांत बॅग बिघडवायला ते पहिल्यांदाच बसले होते, आणि ते काही सोपं नव्हतं.

हेवा गेला नव्हता. उलट आता तो नीट कळत होता. पोरगी धावत येईल ती व्याह्यांसाठी. दार उघडेल, समोर फोनमधले आजोबा दिसतील आणि तिचा चेहरा पडेल. ते आपल्याला उभं राहून बघावं लागेल. पण दार तर उघडलेलं असेल.

तपकिरी बॅग त्यांनी फळीवर मागे सरकवली आणि लाल बॅग घेऊन दुकानासमोरच्या फरशीवर इकडून तिकडे चालू लागले. चौथ्या फेरीला चाक कुरकुरलं. सहाव्या फेरीला खणखणीत ओरडलं.

समोरच्या घड्याळवाल्याने मान वर केली. "काय काका, जमलं नाही वाटतं?"

"जमलं," काका म्हणाले, आणि खात्रीसाठी आणखी एक फेरी मारली.