व्हायाटिकम आणि गाडीतली दशमी

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवण सोडलं तेव्हा मला आधी रागच आला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मागतील ते द्या. अहो, पण ते मागत काहीच नव्हते. वरणभात पुढे केला की तोंड फिरवायचे. मी त्यांच्यावर ओरडायचे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

आप्पा मनमाडला मालगाडीवर गार्ड होते. ड्यूटीवर निघताना आई डब्यात दशम्या द्यायची. त्यातली एक ते कधीच खायचे नाहीत, आम्हा पोरांसाठी परत आणायचे. तिला आम्ही गाडीतली दशमी म्हणायचो. पार वाळलेली असायची, तरी तिच्यावर तुटून पडायचो. ती हातात पडली की आप्पा खरंच घरी आले, असा आमचा हिशोब.

आई गेल्यावर ते नाशिक रोडला माझ्याकडे राहायला आले. मी इंग्रजी पुस्तकांचे अनुवाद करते. अडलेला शब्द त्यांना सांगायचा, हा आमचा दुपारचा नेम. त्या दिवशी अडला होता 'व्हायाटिकम'. इंग्रजीतही क्वचितच दिसतो मेला.

"लॅटिन आहे, आप्पा. 'व्हिया' म्हणजे वाट. रोमन लोक कामगिरीवर निघालेल्याला वाटेसाठी शिधा आणि खर्ची द्यायचे, ते व्हायाटिकम."

"म्हणजे आमचा टीए, प्रवासभत्ता," आप्पा म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

"तोच. मग फ्रेंचांच्या तोंडी झिजत झिजत त्याचा 'व्हॉयेज' झाला. शिदोरीचाच प्रवास झाला."

"मधलं एक स्टेशन गाळलंस बाई."

माझा चेहरा त्यांना वाचता येतो, काय करणार. सांगून टाकलं. ख्रिस्ती लोकांत माणूस शेवटच्या घटका मोजत असला की प्रार्थना करून त्याला पवित्र भाकरीचा घास देतात, त्यालाही हाच शब्द.

आप्पा म्हणाले, "दशमी कर. दुधातली."

मी पीठ मळलं ते रडतच, पण किती दिवसांनी बरं वाटत होतं. त्यांनी ती दुधात बुडवून सावकाश निम्मी खाल्ली. उरलेली मी उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि तो तुकडा तळहातावर ठेवला.

"घे, गाडीतली," म्हणाले. "या खेपेला आधीच देऊन ठेवतो."

मी ती तिथेच, त्यांच्यासमोर बसून खाल्ली.