बावीस मिनिटांचं गाणं आणि माझा साडू

भर सभेत मुख्याध्यापिकाबाईंच्या बुटाचा तळ निघाला, त्याला कारण मी. बाई व्यासपीठाच्या तिन्ही पायऱ्या चढून गेल्या, तळ मात्र पहिल्याच पायरीवर राहिला.

बूट दुरुस्त केला होता माझ्या साडूने. वयाने आम्ही सारखेच, म्हणून अरे-तुरे. तीस वर्षांत त्याने चिकटवलेला तळ सुटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावायचं, जरा सुकू द्यायचं आणि नेमक्या वेळी दाबायचं. ही नेमकी वेळ तो घड्याळात बघत नसे. दुकानात त्याच्या लाडक्या बँडची गाणी चालू असत. तीन गाणी झाली की दाबायचं. त्या चौघांनी जन्मात साडेतीन मिनिटांच्या वर गाणं केलं नव्हतं, त्यामुळे काम चोख.

नऊ वर्षं गप्प बसलेल्या या बँडने नवा अल्बम काढला. मी तो हौसेने विकत आणला आणि दुकानात शिरल्याशिरल्या परस्पर लावून दिला. पहिलंच गाणं बावीस मिनिटांचं! गिटार उलटी वाजत होती, कुठेतरी नळ ठिबकत होता, शेजारच्या खोलीतून कुणीतरी पुटपुटल्यासारखं गात होतं. साडू बिचारा हातात बूट धरून गाणं संपायची वाट बघत बसला. संपलं तेव्हा सोल्यूशन खडखडीत वाळलं होतं, आणि याचं चित्त इतकं उडालेलं, की त्याने तळ तसाच दाबला.

बाईंची समजूत त्याने घातली. स्वतःची घालता येईना.

"तीस वर्षं ऐकतोय रे. आता कळेनासं झालं, म्हणजे एकतर हे बिघडले, नाहीतर मी म्हातारा झालो. याचा छडा लागेपर्यंत त्यांचं जुनं एक गाणंही लावणार नाही."

"नाही आवडलं तर दे टाकून," मी म्हटलं.

"बूट वरून बघून टाकत नाहीत. उसवून बघतात, आत कुणी कसे टाके घातलेत ते."

आणि त्याने अल्बम उसवायला घेतला. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, एक तुकडा. खोक्याच्या झाकणावर खडूने टिपणं: 'सहाव्या मिनिटाला दार उघडतं.' 'ड्रमवाला मुद्दाम मागे राहतो?' 'नळ नाही, पियानो आहे!' सोल्यूशनसाठी भिंतीवर पहिल्यांदाच घड्याळ आलं.

त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, मला म्हणाली, "भावोजी, मी दोन मिनिटं बोलले तर यांना जांभया येतात. तिथे मात्र तासन्‌तास एकाच सुराला कान लावून बसतात. हा सूर कोण, मला एकदा भेटवाच!"

तिसऱ्या आठवड्यात खिळ्यांच्या डब्याने कमाल केली. अकराव्या मिनिटाला डबा आपोआप थरथरायला लागला. साडूने त्यावर तळहात ठेवला, मग बाकड्यावर, मग चक्क स्पीकरवर. खाली बेसचा एक ठेका होता, आणि वरचा सगळा गोंधळ त्याच्या जिवावर उभा होता.

"अरे, तळ आहे याला!" तो ओरडला. नेमक्या त्याच वेळी दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाने घाबरून स्वतःचा बूट उचलून बघितला.

मग त्या अकराव्या मिनिटासाठी तो आधीची दहा सोसू लागला. हळूहळू त्या दहांतही काहीबाही सापडायला लागलं. विचारलं तर सांगता येत नसे, म्हणायचा, "ऐक ना, आत्ता गेलं बघ." माझ्या कानांवरून ते दरवेळी गेलेलंच असे.

परवा दुकानात गेलो तर अल्बम पहिल्यापासून चालू होता. हातातली टाके घालायची आरी हवेत थांबलेली, डोळे मिटलेले, आणि मान त्या ड्रमवाल्याबरोबर अर्धं पाऊल मागे. मीही स्टुलावर बसलो. दहा मिनिटं कशीबशी तग धरली. अकरावं येणार, इतक्यात मला राहवेना.

"काय रे, लागला का छडा? ते बिघडले, की तू म्हातारा झालास?"

त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "ना ते बिघडले, ना मी म्हातारा झालो, तू फार बोलतोस."